डाव्या खिशातली पेपरमिंट

प्लम क्रीक कॉलेजच्या जिममध्ये मी एकतीस वर्षं बास्केटबॉलचं स्कोअरबुक लिहिलं. दोन्ही बेंचच्या मधोमध जे लांब टेबल असतं, तिथे रेफरीसारखाच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून बसायचं. बास्केट कोणी केली, कोणाचा कितवा फाउल झाला, कोणत्या टीमने किती टाइमआउट घेतले, हे पेन्सिलीने टिपायचं आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. दिवसा मी त्याच कॉलेजात गणित शिकवायचे. आपली टीम जिंकली तरी टाळी वाजवायची नाही, हरली तरी हळहळायचं नाही, असा त्या शर्टाचा नियम. तो मी पाळला. फक्त डेल व्होंड्राच्या बाबतीत मनातल्या मनात दरवर्षी मोडला, आणि एका वर्षी तर त्यापायी माझी झोप उडाली.

डेल आमचा असिस्टंट कोच. याच कॉलेजातून खेळून बाहेर पडला आणि १९६६ साली, चोविसाव्या वर्षी, बेंचवरच्या दुसऱ्या खुर्चीत येऊन बसला. पहिली खुर्ची हेड कोचची. पुढच्या सव्वीस वर्षांत त्या खुर्चीत पाच जण बसून गेले. कोणाला मोठ्या कॉलेजने पळवलं, कोणाला आमच्याच लोकांनी हाकललं, एकजण वैतागून विमा विकायला लागला. डेल आपला दुसऱ्या खुर्चीत. टीमची व्हॅन तो चालवणार, मुलांचे कपडे तो धुणार, पुढच्या आठवड्यात ज्यांच्याशी गाठ त्यांचा खेळ बघायला तीनशे मैल एकटा गाडी हाकत जाणार. शेतावरच्या उंच पोरांच्या घरी जाऊन, त्यांच्या आयांच्या हातची खसखशीचं सारण भरलेले कोलाची पाव खाऊन, "पोराला आमच्याकडे पाठवा, मी बघेन त्याच्याकडे," असं सांगणाराही तोच. आणि तो खरंच बघायचा. किती मुलांना त्याने कान धरून माझ्या वर्गात आणून बसवलं असेल त्याची गणती नाही.

बाहेरच्यांना वाटतं, असिस्टंट म्हणजे आरामाची नोकरी, हरलं तर शिव्या खायला दुसरा आहे. साफ खोटं. हेड कोच गेला की तो आपला पुढच्या गावी जातो. नवा येतो तो येताना स्वतःचा माणूस घेऊन येतो. आमच्या कॉलेजला परवडायचा एकच असिस्टंट. म्हणजे दर वेळी पहिली खुर्ची रिकामी झाली की दुसऱ्या खुर्चीवरच्याचा जीव टांगणीला. डेलचा करार वर्षावर्षाचा. मार्चमध्ये नदीवर क्रौंच पक्षी उतरायला लागले की गावाला आनंद व्हायचा आणि डेलची भूक जायची. असे चार वसंत मी त्याचे बघितले. दिवसभर फोनच्या आसपास घोटाळायचा, आणि फोन वाजला की उचलायला धजायचा नाही. आर्लीन, त्याची बायको, उचलायची आणि आधी मान हलवून सांगायची, नवा कोच नाही, दुसरं कोणी आहे. चारही वेळा नव्या माणसाने त्याला ठेवून घेतलं. कारण एकच, जिममधली कुठली चावी कुठल्या कुलुपाची हेसुद्धा डेलशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

स्वतः हेड कोच व्हायला त्याने दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा खेळ विभागाचे प्रमुख, वेंडेल ऑस्ट्रँडर, म्हणाले, "डेल, तू आहेस तिथेच आम्हाला लाखमोलाचा आहेस." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा शोधून काढलं त्याला मी माझ्या वर्गात नापास केला असता.

मॅच चालू असताना डेलची कामं दोन. एक, हेड कोच भडकून कोर्टात घुसायला लागला की त्याचा कोट मागून धरून त्याला ओढून बसवायचं. दुसरं, टाइमआउट मोजायचे. त्या वेळी पूर्ण मॅचमध्ये टीमला पाच टाइमआउट मिळायचे. ओरडाआरड्यात कोणाला हिशेब राहत नाही, म्हणून डेलने स्वतःची एक पद्धत काढली होती. त्याच्या तपकिरी कोटाच्या डाव्या खिशात पेपरमिंटच्या पाच गोळ्या असायच्या, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, चुरचुरीत कागदात गुंडाळलेल्या. टाइमआउट घेतला की एक गोळी डाव्या खिशातून उजव्या खिशात. हेड कोच न बघताच विचारणार, "डेल, किती?" डेल डावा खिसा चाचपणार आणि बोटं दाखवणार. सव्वीस वर्षांत त्या खिशाचा आणि माझ्या स्कोअरबुकाचा आकडा कधी वेगळा आला नाही. गोळ्या आर्लीन ठेवायची. ती बँकेत काउंटरवर होती, तिथल्या बरणीतून आणायची आणि मॅचच्या दिवशी सकाळी मोजून कोटात टाकायची. डेल त्या कधी मोजत नसे. खातही नसे. त्याला पेपरमिंट आवडत नाही.

१९९२च्या जानेवारीत आमचे हेड कोच गॉर्डन प्रुइट सरावाच्या मध्येच छाती धरून खाली बसले. हृदयाची शस्त्रक्रिया झाली, जिवावरचं निभावलं, पण डॉक्टरांनी कोचिंग बंद म्हणून सांगितलं. ऑस्ट्रँडरने डेलला बोलावलं. ते बोलणं डेलने मला दुसऱ्या दिवशी कॅफेटेरियात जसंच्या तसं सांगितलं. हातातला दालचिनीचा रोल त्याने चिलीच्या तिखट रश्श्यात इतक्या वेळा बुडवला की शेवटी वाटीतच राहिला.

"म्हणाला, उरलेल्या मॅचेस तुझ्याकडे. फायनल जिंकलास तर नोकरी तुझी, मी कोणाला विचारणारही नाही."

"आणि हरलास तर?"

"तर बाहेरून माणूस आणणार."

"आणि तो त्याचा माणूस आणणार."

"आयरीन, मी पन्नास वर्षांचा आहे. मला दुसरं काही येत नाही गं."

मी म्हटलं, "मग जिंक की मेल्या." आणि त्याची वाटी पुढ्यातून ओढून घेतली, कारण मला ते बघवेना.

आणि खरंच, तो जिंकत गेला. दहापैकी आठ मॅच. पण त्याला बघून कोणी म्हटलं नसतं की हा जिंकतोय. त्याचं वजन उतरलं, कॉलर गळ्याभोवती सैल झाली. आणि एक गोष्ट माझ्या जागेवरून रोज दिसायची. तो पहिल्या खुर्चीत बसलाच नाही. प्रुइटची खुर्ची मोकळी ठेवून तो आपल्या दुसऱ्या खुर्चीतच बसायचा. तिथून उठायचा, ओरडायचा, परत तिथेच. टाइमआउट अजूनही स्वतःच मोजायचा, डावा खिसा, उजवा खिसा. घाबरला की घसा कोरडा पडायचा आणि आवाज फुटायचा नाही. मुलं म्हणायची, "कोच, मोठ्याने!" मी पेन्सिल धरून पुढचा फाउल टिपायचे.

फायनल आमच्याच जिममध्ये, मार्चच्या सात तारखेला, शनिवारी दुपारी. समोर कॉटनवुड स्टेट. पाय ठेवायला जागा नाही, बँड कानाशी. आर्लीन तिच्या नेहमीच्या तिसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स गच्च धरून.

मॅच सांगत बसत नाही. आम्ही बारा गुणांनी मागे पडलो, मग चढत चढत आलो. या चढाओढीत टाइमआउट भराभर गेले. शेवटची पावणेदोन मिनिटं उरली असताना डेलने पाचवा घेतला. पाचवा झाला की मी रेफरीला सांगायचं आणि रेफरीने कोचला, असा नियम. मी सांगितलं. रेफरी डेलकडे गेला, मूठ बंद करून दाखवली, कानाशी वाकून बोलला. बँड वाजत होता. डेलने मान हलवली. ती मान मी नंतर हजार वेळा आठवून पाहिली आहे. ती ऐकलेल्या माणसाची मान नव्हती. डोळे मुलांवर होते आणि हात सवयीने डाव्या खिशाकडे गेला होता.

नऊ सेकंद उरली. एकाहत्तर-सत्तर, आम्ही एकाने मागे. बॉल आमच्या हातात आला, आमच्या डॅरनच्या. त्या पोराला दोघांनी कोपऱ्यात कोंडलं. त्याने बेंचकडे पाहिलं. त्या वेळी टाइमआउट खेळाडूनेच मागायचा असे, कोचने फक्त खूण करायची. डेलने डावा खिसा चाचपला. मी बघत होते. त्याचा चेहरा एकदम निवळला. हाताने त्याने टाइमआउटची खूण केली. डॅरनने रेफरीला खूण केली. शिट्टी वाजली.

रेफरीने माझ्याकडे पाहिलं. सगळ्या जिमने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायची इच्छा मला जन्मात एकदाच झाली, ती त्या क्षणी. मी मूठ बंद करून वर धरली. शून्य.

नसलेला टाइमआउट मागितला की टेक्निकल फाउल. समोरच्यांना दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही त्यांनाच, त्यावर त्यांनी आणखी दोन गुण केले. पंचाहत्तर-सत्तर. संपलं.

जिम रिकामी होईपर्यंत मी टेबलावरून उठले नाही. डेल खेळाडूंच्या खोलीत जाऊन आला होता. डॅरन रडत होता आणि डेल त्याला सगळ्यांसमोर सांगत होता, खूण मी केली, तू केलेली नाहीस, हे मला जिमची साफसफाई करणाऱ्या बाईने नंतर सांगितलं. मग तो माझ्या टेबलाशी आला. उजव्या खिशात हात घातला आणि उघड्या स्कोअरबुकावर मूठ रिकामी केली.

"मोज."

मी मोजल्या. परत मोजल्या. "सहा आहेत."

"सहा आहेत," तो म्हणाला.

"पाच असतात ना?"

"सकाळी दारात ती काहीतरी म्हणत होती. घशाचं काहीतरी. मी हो हो म्हणत निघालो." तो खुर्ची ओढून बसला. "एक जास्तीची ठेवलीय तिने, आयरीन. मला चघळायला."

मला राग आला, आणि कोणावर यावा तेही कळेना. रेफरी सांगून गेला होता. पण ज्या खिशाने सव्वीस वर्षांत दगा दिला नाही, त्याच्यापुढे रेफरीचं कोण ऐकतो?

डेलने एक गोळी उचलली, कागद सोडवला आणि ती तोंडात टाकली. ज्या माणसाला पेपरमिंटच्या वासाने मळमळतं, तो तोंड वाकडं करून ती कडाकडा चावून खात होता. मग रिकाम्या कागदाची नीट घडी घातली आणि उरलेल्या पाच गोळ्यांबरोबर उजव्या खिशात ठेवली.

"हे काय?"

"घरी गेल्यावर ती खिसे रिकामे करते. तिला वाटू दे की मी खाल्ली. मी मोजायला चुकलो, बस. तिला सांगायचं नाही. कोणालाच नाही. शब्द दे."

"डेल, तुझी नोकरी जाईल रे."

"शब्द दे."

मी दिला. मला अजून वाटतं, मी द्यायला नको होता.

ऑस्ट्रँडरपुढे त्याने तेच सांगितलं. मोजायला चुकलो. गावभर तेच झालं. न्हाव्याच्या दुकानात लोक एकमेकांना बोटं दाखवून विचारायचे, "ही किती आहेत रे, डेलला विचारून सांग." ज्यांच्या पोरांना त्याने माणसात आणलं तेही हसायचे. आणि मी रोज वर्गात उभी राहून पोरांना बेरजा शिकवायचे आणि गप्प बसायचे.

एप्रिलच्या सुरुवातीला नवा हेड कोच आला. क्रेग डनलॅप, कोलोरॅडोचा, चौतीस वर्षांचा, फार भराभर चालणारा. मंगळवारी तो माझ्या वर्गात आला आणि फायनलचं स्कोअरबुक बघायला मागितलं. मी दिलं. पानावर बोट ठेवून त्याने टाइमआउटच्या खुणा मोजल्या.

"मिसेस सेडलॅक, तुम्ही दहा फुटांवर होतात. मला खरं सांगा. दारूबिरूची भानगड आहे का?"

"डेलला? रूट बिअरच्या गोड सरबतापलीकडे त्याची मजल नाही."

"मग? ज्याला भेटतो तो म्हणतो, व्होंड्रासारखा माणूस मिळणार नाही. त्याच्या वह्या पाहिल्या मी, असलं काम मी कुठे पाहिलेलं नाही. पण मला असिस्टंट एकच ठेवता येतो. माझा माणूस तिकडे बॅगा भरून बसलाय. शेवटच्या मिनिटाला ज्याचं डोकं चालत नाही त्याला मी शेजारी घेऊन बसू? सांगा ना. काही कारण होतं का?"

कारण माझ्या जिभेवर होतं. एक वाक्य. पण आमच्या गावात वाक्य खोलीत राहत नाही. हे आज डनलॅपला कळलं असतं, तर उद्या बँकेच्या रांगेत आर्लीनला कोणी ना कोणी बोलून दाखवलं असतं, तेही हसत हसत.

"पुस्तकात जे आहे ते आहे," मी म्हटलं.

"ठीक आहे. शुक्रवारी दुपारी मी ठरवणार."

बुधवारी मला अन्न गेलं नाही. गुरुवारी कॉलेज सुटल्यावर मी सरळ डेलच्या घरी गेले. तो गॅरेजमध्ये खोकी भरत होता. सव्वीस वर्षांच्या वह्या, प्रत्येकीवर साल घातलेलं. आर्लीन बँकेतून यायची होती.

"मला शब्दातून मोकळं कर," मी म्हटलं. "डनलॅपला तुला ठेवून घ्यायचंय. नुसतं कारण हवंय त्याला."

"नाही."

"अरे, एक गोळी! ती काय फासावर जाणार आहे का?"

डेलने खोकं खाली ठेवलं. "आमचा डस्टी आठवतो तुला?"

डस्टी म्हणजे त्यांचा कुत्रा. चौदा वर्षांपूर्वी आर्लीनकडून फाटकाची कडी लावायची राहिली आणि तो रस्त्यावर जाऊन ट्रकखाली आला.

"ती अजून कडी लावल्यावर परत जाते," डेल म्हणाला. "पाऊस असो, बर्फ असो. गाडीत बसते, उतरते, कडी हलवून बघते, मग येते. चौदा वर्षं, आयरीन. आणि तो कुत्रा होता. आता तिला सांगू की माझं हे... माझं सगळं..." त्याने खोकं परत उचललं. "मला काय, मी कुठेही बस चालवीन."

मला रडू आलं आणि मी त्याला मूर्ख म्हटलं. दोन्ही मनापासून होतं.

शुक्रवारी मी ठरवलं, शब्द गेला खड्ड्यात. दुसऱ्याच्या नावावर चुकीचा आकडा लागलेला बघत बसणं माझ्याच्याने होणार नाही. आर्लीनला काय व्हायचं ते होवो, मी तिच्या जोडीला बसेन, रोज फाटकापर्यंत तिच्याबरोबर जाईन. पण त्याची खुर्ची जाऊ द्यायची नाही. जेवणाच्या सुट्टीत मी जिमच्या इमारतीत गेले. डनलॅपच्या खोलीबाहेरच्या बाकापर्यंत पोचले, तोच दार उघडलं.

आतून आर्लीन बाहेर आली. बँकेचा गणवेश अंगावर, आणि हातावर डेलचा तपकिरी कोट.

मला पाहून ती दारातच थांबली.

"तू इथे कशाला?" तिने विचारलं.

"स्कोअरबुक न्यायला आले होते."

"खोटं बोलू नकोस. तुला येत नाही." ती बाकावर बसली आणि कोट मांडीवर घेतला. "तुला त्याने सांगितलं होतं ना?"

मी तिच्या शेजारी बसले.

"सांगितलंच असणार. मला त्याच दिवशी कळलं, आयरीन. शिट्टी वाजली तेव्हाच."

"कसं?"

"मी पूर्ण मॅच त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता घेईल, मग घेईल, घसा बसलाय याचा, एक गोळी तोंडात टाकायला काय होतंय याला? एकदाही घेतली नाही. आणि मग त्याने खिसा चाचपला आणि..." कोटाच्या शिवणीवरून तिचं बोट फिरत होतं. "घरी आल्यावर खिशात बघते तर पाच गोळ्या आणि कागद. कागदाची घडी घातलेली! माझा नवरा कधी कशाची घडी घालत नाही. सदरा काढला की पडला तिथे पडला."

मला हसू फुटलं आणि त्याच दमात हुंदका. तिचंही तसंच झालं.

"मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

"तो मला वाचवतोय हे त्याला एवढं बरं वाटत होतं. दुसरं काही उरलंच नव्हतं ना त्याच्याकडे." तिने डोळे पुसले. "काल बँकेतून घरी आले, तर तो गॅरेजमध्ये खोक्यावर बसून वही वाचत होता. एकोणीसशे एकाहत्तरची. मग मला राहवेना. आत्ता आत त्या डनलॅप पोराला सगळं सांगितलं. गोळ्या टेबलावर मांडून दाखवल्या."

"आणि तो काय म्हणाला?"

"काही नाही. मोजत बसला. मग म्हणाला, आजच माझ्या माणसाला फोन करून येऊ नको म्हणून सांगतो." आर्लीनने माझा हात धरला, घट्ट, दुखेल इतका. "डेलला सांगायचं नाही. त्या पोराकडूनही वचन घेतलंय मी. शब्द दे."

महिन्याभरात नवरा-बायकोने माझ्याकडून एकाच गोष्टीचे दोन शब्द घेतले. मी दुसराही दिला. आणि चिडून म्हटलं, "तुम्हा दोघांना एकत्र कोंडून ठेवायला हवं." ती म्हणाली, तीस वर्षं तेच चाललंय.

त्या संध्याकाळी डेलचा फोन आला. आवाज असा की पहिली दोन वाक्यं मला कळलीच नाहीत. त्याला ठेवलं होतं. डनलॅप म्हणे वह्यांवर खूश झाला. "वह्यांवर, आयरीन! इतकी वर्षं कोणी उघडून बघितल्या नव्हत्या."

मी म्हटलं, "बघ, म्हणत होते ना."

हेड कोच तो कधीच झाला नाही. ती खुर्ची त्या नऊ सेकंदांत गेली ती गेलीच, आणि त्याचं दुःख मला त्याच्यापेक्षा जास्त दिवस पुरलं.

नोव्हेंबरमध्ये पहिली मॅच. मी पट्ट्यांचा शर्ट घालून टेबलाशी बसले, पेन्सिलींना टोक केलं. डनलॅप पहिल्या खुर्चीत, डेल दुसऱ्या. आर्लीन तिसऱ्या रांगेत. मॅच सुरू व्हायच्या आधी डेलने डाव्या खिशात हात घातला, गोळ्या तळहातावर काढल्या आणि ओठ हलवत मोजल्या. सव्वीस वर्षांत तो पहिल्यांदा मोजत होता. वर तिसऱ्या रांगेत आर्लीनने ते पाहिलं आणि पर्स उघडून उगाच आत बघत राहिली.

गोळ्या खिशात परत टाकून डेल माझ्या टेबलाशी आला. चेहरा खुललेला होता. खाली वाकून हळूच म्हणाला, "तू गप्प बसलीस म्हणून निभावलं बघ. तिला अजून पत्ता नाही."

मी त्याच्या खांद्यावरून वर पाहिलं. आर्लीन आमच्याकडेच बघत होती.

"जा, बस जागेवर," मी म्हटलं. "मॅच सुरू होतेय."